‘टेस्टिंगपुरतं’ बंद केलेली तपासणी

द्राक्षांच्या हंगामात पहाटे साडेपाचला दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यातल्या पॅकहाउसचे दिवे लागलेले असतात. क्रेट उतरत असतात, वजनकाट्यावर माणूस उभा असतो आणि वजनाचा आकडा आता वहीत न लिहिता फोनमधल्या ॲपमध्ये भरला जातो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ॲप अचानक बंद पडलं. प्रत्येक फोनवर एकच ओळ येत होती: ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.’ गाड्या उभ्या, मजूर उभे, आणि ऊन चढायच्या आत माल शीतगृहात जायला हवा. कंपनीच्या माणसानं नाशिकला ॲप बनवणाऱ्या मुलाला झोपेतून उठवलं. मुलगा हुशार. तासाभरात त्यानं ॲपची नवी फाइल तयार करून शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी ती उतरवून घेतली, काम सुरू झालं, आणि दुपारी त्या मुलाचं कौतुकही झालं.

ही गोष्ट मला कळली ती या हंगामाच्या तोंडावर. सोळा वर्षं मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. त्याच ॲपची पुढची आवृत्ती शेतकऱ्यांच्या हातात देण्याआधी एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावी, असं कंपनीच्या संचालकांना वाटलं आणि काम माझ्याकडे आलं. लेखी परवानगी घेऊन मी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या खोलीत बसले. माझ्या लॅपटॉपवरून हॉटस्पॉट सुरू केला आणि एका फोनमधलं ॲप त्या हॉटस्पॉटला जोडलं. फोन आणि खरा सर्व्हर यांच्या मधे लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. आलेला प्रत्येक निरोप तो आधी स्वतः वाचतो आणि मग पुढे पाठवतो. ॲपनं ‘तू कोण?’ असं विचारलं, की मी पाच मिनिटांपूर्वी स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट तो पुढे धरतो. नीट लिहिलेलं ॲप इथंच थांबतं, संपर्क तोडतं. हे ॲप थांबलं नाही. संचालकांनी स्वतःचं लॉगिन केलं आणि त्यांचा मोबाइल नंबर, पासवर्ड, बँक खात्याचा नंबर, बागेचा गट नंबर, सगळं माझ्या पडद्यावर साध्या अक्षरांत उमटलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. संचालकांनी फक्त विचारलं, “म्हणजे दोन वर्षं हे असंच होतं?”

असंच होतं. कारण त्या पहाटे सर्व्हर बंद पडलाच नव्हता. त्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. सर्टिफिकेटवरच्या तारखा जागतिक वेळेत लिहिलेल्या असतात. तिकडे मध्यरात्री मुदत संपते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. ॲपनं आपलं काम चोख केलं होतं. समोरच्या सर्व्हरच्या कागदाची मुदत संपली आहे, मी याच्याशी बोलणार नाही, असं ते सांगत होतं. खरा उपाय सर्टिफिकेट नवं करून घेण्याचा होता. पण सर्व्हरचा पासवर्ड दुसऱ्याच माणसाकडे आणि त्याचा फोन बंद. तेव्हा त्या मुलानं ॲपमधली तपासणीच काढून टाकली. कुणीही कुठलंही सर्टिफिकेट दाखवलं तरी ‘खरं’ म्हणायचं, असं सांगणाऱ्या चार ओळी त्यानं घातल्या. त्या त्याला नव्यानं लिहाव्याही लागल्या नाहीत. पहिल्यांदा ॲप बनवताना टेस्टिंगच्या सर्व्हरसाठी त्यानं त्या इंटरनेटवरून उचलल्या होत्या आणि नंतर बंद करून ठेवल्या होत्या. मी विचारलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “ताई, तेवढ्यापुरतं केलं होतं. हंगाम संपल्यावर काढणार होतो.”

या मुलाला मी दोष देत नाही. हा लेख मी लिहिते आहे तो ‘तेवढ्यापुरतं’ या शब्दासाठी. नाशिक, पुणे, संभाजीनगर, कुठेही जा. माझ्या धंद्यात हा शब्द रोज ऐकू येतो. तपासणी आडवी आली की ती बंद करायची, काम पुढे रेटायचं आणि नंतर सुरू करू म्हणायचं. ते ‘नंतर’ येत नाही, कारण तपासणी बंद असलेलं ॲप उत्तम चालतं. काहीही अडत नाही, कुणाची तक्रार येत नाही. कुलूप लावायचं राहिलेलं घरसुद्धा चोर येईपर्यंत अगदी ठीक दिसतं.

सर्टिफिकेट म्हणजे काय, हे इथे साध्या शब्दांत सांगायला हवं. आपला फोन जेव्हा बँकेच्या किंवा पॅकहाउसच्या सर्व्हरशी बोलतो, तेव्हा बोलणं कुलूपबंद होतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण कुलूप लावण्याआधी एक प्रश्न असतो: कुलूप लावून आपण बोलतोय ते नेमकं कुणाशी? चोराशी गुपचूप बोललं तर त्या गुप्ततेचा उपयोग चोरालाच. म्हणून सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो. ॲपनं त्यावर चार गोष्टी पाहायच्या असतात. हे ओळखपत्र कुणाच्या सहीचं आहे, आणि ती सही शेवटी फोनमध्ये आधीपासून असलेल्या विश्वासू संस्थांच्या यादीपर्यंत पोचते का? त्यावरचं नाव, मला ज्याच्याशी बोलायचं आहे त्याचंच आहे का? मुदत शिल्लक आहे का? आणि ते मधल्या काळात रद्द तर झालेलं नाही ना? या चारांतला एक प्रश्न वगळला तरी तपासणीत भोक पडतं. सही खरी आहे पण नाव पाहिलंच नाही, तर शेजाऱ्याचं खरं ओळखपत्र दाखवून कुणीही आत येईल.

ब्राउझरमध्ये ही तपासणी ब्राउझर करतो आणि काही चुकलं तर पानभर इशारा देतो. ॲपमध्ये मात्र ती ॲप लिहिणाऱ्याच्या हातात असते आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. फोनवर तांबडी अक्षरं येत नाहीत, कुलपाचं चित्र नसतं. शेतकऱ्यानं, पेशंटनं, पालकानं पाहावं तरी कुठे? म्हणून ॲप बनवणाऱ्याची जबाबदारी ब्राउझरपेक्षाही जास्त आहे.

हा दोष फक्त छोट्या गावातल्या छोट्या कंपन्यांचा आहे, असं कुणी समजू नये. २०१२ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठाच्या संशोधकांनी साथीदारांसह गूगलच्या बाजारातली साडेतेरा हजार मोफत अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतल्या १,०७४ ॲपमध्ये, म्हणजे शंभरांतल्या आठांमध्ये, सर्टिफिकेटची तपासणी कच्ची असण्याची चिन्हं दिसली. त्यांनी शंभर ॲप निवडून हातानं हल्ला करून पाहिला तेव्हा ४१ ॲपमधली माहिती त्यांच्या हाती लागली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठांतल्या संशोधकांनी ब्राउझरबाहेरच्या प्रोग्रॅममधल्या या तपासणीवर निबंध लिहिला आणि अशा कोडला ‘जगातलं सर्वात धोकादायक कोड’ म्हटलं. ॲमेझॉन आणि पेपाल यांच्या व्यापाऱ्यांसाठीच्या कोडमध्येही त्यांना ही भोकं सापडली होती.

त्या निबंधातलं एक उदाहरण मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. कर्ल नावाचं एक साधन जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात. सर्टिफिकेटवरचं नाव जुळतं का हे पाहायचं असेल, तर त्यात तेव्हा ‘२’ हा आकडा द्यावा लागे. ‘१’ दिला तर फक्त काहीतरी नाव लिहिलेलं आहे एवढंच पाहिलं जाई. ते कुणाचं, हे नाही. प्रोग्रॅमर ‘तपासणी करायची का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘हो’ लिहीत, आणि यंत्राच्या भाषेत ‘हो’ म्हणजे ‘१’. तपासणी सुरू केली असं समजून त्यांनीच ती अर्धी बंद केली होती. पुढे कर्लच्या कर्त्यांनी तो ‘१’ स्वीकारणंच बंद केलं. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या आयफोनमधला असाच दोष उघड झाला. एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती आणि त्या दुसऱ्या ओळीमुळे सही तपासण्याचा टप्पाच ओलांडला जात होता. एवढ्या मोठ्या घराची तपासणी जर एका जास्तीच्या ओळीनं निकामी होते, तर आपण स्वतःच्या हातानं ती काढून टाकावी का?

आता आपल्या देशातलं उदाहरण. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला आणि डिजिटल सह्या-सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांवर नियंत्रक नेमला गेला. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं, की आपल्या काही पत्त्यांसाठी आपण कधीच न मागितलेली सर्टिफिकेटं कुणीतरी दिली आहेत. ती देणारी संस्था होती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे आपल्या एनआयसीची. तिच्यावर भारताच्या नियंत्रकाची सही आणि नियंत्रकाचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत. म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमनी ती खरी मानली असती. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकानं एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच कुणीतरी फोडली होती, अशी माहिती पुढे आली. त्यानंतर गूगलनं आपल्या ब्राउझरमध्ये भारताच्या त्या मूळ सर्टिफिकेटला मोजक्याच पत्त्यांपुरतं बांधून टाकलं.

काही जण हे उदाहरण उलट्या बाजूनं वापरतात. सरकारी संस्थेचंच सर्टिफिकेट खोटं निघू शकतं, तर तपासून काय उपयोग, असं ते म्हणतात. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. सही देणाऱ्याकडून चूक झाली, ती पकडली गेली, सर्टिफिकेटं रद्द झाली आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती खबर जगभर पोचवली. पण हा उपाय फक्त तपासणी सुरू असलेल्या प्रोग्रॅमलाच लागू पडला. ज्या ॲपमध्ये त्या चार ओळी आहेत, त्याला खरं, खोटं, मुदत संपलेलं आणि रद्द झालेलं सगळं सारखंच. २०११ मध्ये डिजिनोटार नावाच्या डच कंपनीत घुसून चोरांनी गूगलच्या नावानं सर्टिफिकेट बनवलं आणि इराणमधल्या लोकांचं ईमेल वाचण्यासाठी ते वापरलं. हे उघड झाल्यावर महिन्याभरात ती कंपनी दिवाळखोरीत गेली. या व्यवस्थेत सही देणाऱ्यालाही शिक्षा आहे. तपासणी काढून टाकणाऱ्याला मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मी हे इतक्या पोटतिडकीनं का लिहिते, त्याचं कारण घरातलं आहे. माझे वडील, आप्पा, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिककराला ‘प्रेसमध्ये’ एवढं सांगितलं की पुरतं. एकेकाळी आपल्या नोटा आणि तिकिटं विलायतेतून छापून येत. १९२० च्या दशकात इथं इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ पासून शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाऊ लागल्या. तेव्हापासून नोटा, पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट यांच्या रूपानं देशाचा विश्वास आमच्या गावात छापला जातो. आप्पांचं काम छपाईचं नव्हतं, छापलेलं तपासण्याचं होतं. ताव न् ताव डोळ्याखालून घालायचा, नंबर पाहायचे, रंग पाहायचा, डाग असला तर बाजूला काढायचा. घरी आल्यावर भाजीवाल्यानं परत दिलेली दहाची नोटसुद्धा ते उजेडाला धरून पाहत. आई चिडायची. ते म्हणायचे, “कागद चांगला छापला म्हणून खरा ठरत नाही. घेणाऱ्यानं पाहिला तरच तो खरा.”

या वाक्याचा अर्थ मला तेलगी प्रकरणात कळला. अब्दुल करीम तेलगी २००१ मध्ये अजमेरला पकडला गेला आणि त्याचा बनावट मुद्रांकांचा धंदा देशभर पसरला होता हे हळूहळू बाहेर आलं. त्यानं वापरलेली यंत्रसामग्री नाशिकच्या प्रेसमधून लिलावात निघालेली होती, हे तपासात समोर आलं तेव्हा आप्पा कित्येक दिवस गप्प होते. त्या कागदांची छपाई चांगली होती हे खरं. पण ते वर्षानुवर्षं खपले ते घेणाऱ्यांमुळे. बँका, विमा कंपन्या गठ्ठ्यानं मुद्रांक घेत होत्या, विकणारा सांगेल ते खरं मानून. कागदावर सुरक्षेच्या खुणा होत्या. त्या पाहणारे डोळे नव्हते. सर्टिफिकेटची तपासणी बंद केलेलं ॲप नेमकं तेच करतं. खुणा सगळ्या जागेवर असतात, पाहणारा डोळा तेवढा काढून घेतलेला असतो.

ही सवय फक्त प्रोग्रॅमरांची नाही, आपल्या सगळ्यांना ती लावली जाते आहे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. ई-आधारची फाइल, उत्पन्नाचा दाखला, असे कितीतरी कागद आता डिजिटल सहीनं येतात. ती फाइल संगणकावर उघडली की सहीच्या जागी अनेकदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, सही खरी की खोटी हे ठरवता आलं नाही या अर्थाचं. मग प्रिंट काढून देणारा माणूस माउसनं तीन-चार ठिकाणी टिचक्या मारतो, ‘या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवा’ असं संगणकाला सांगतो, आणि प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते. गिऱ्हाईक समाधानानं पैसे देऊन निघतं. पण ती खूण आली कुठून? आपणच संगणकाला सांगितलं की हा खरा आहे, आणि संगणक म्हणाला, ठीक, हा खरा आहे. उद्या कुणी खोट्या सहीचा सातबारा आणला आणि त्याच टिचक्या मारल्या, तर तशीच हिरवी खूण उमटेल. योग्य रीत वेगळी आहे. नियंत्रकाचं मूळ सर्टिफिकेट त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायचं, त्याच्या खुणेचे आकडे जुळवायचे आणि ते एकदाच संगणकात बसवायचं. त्यानंतर येणारी हिरवी खूण ही खरी तपासणी. सातबाऱ्याच्या बाबतीत तर उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून पाहण्याची सोयही आहे. जमीन घेणाऱ्यानं हिरव्या खुणेवर न थांबता तो क्रमांक टाकावा.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते मी दर आठवड्याला ऐकते. पहिला: आमचं ॲप छोटं, आमच्यावर कोण हल्ला करणार? उत्तर असं की असा हल्ला करणारा तुमच्या ॲपला शोधत येत नाही. तो बस स्टँडवर, हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये फुकट वाय-फाय उघडून बसतो आणि जे जाळ्यात येईल ते घेतो. आणि लोक प्रत्येक ठिकाणी तोच पासवर्ड वापरतात. द्राक्षाच्या ॲपचा पासवर्ड मिळाला की ईमेलही उघडतं.

दुसरा: आमच्याकडे ओटीपी आहे. ओटीपीसुद्धा त्याच वाटेनं जातो. मधला माणूस तो वाचतो आणि तुमच्या आधी वापरतो.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर देणं आम्हा तंत्रज्ञांचं कर्तव्य आहे: तपासणी सुरू ठेवली तर मुदत संपल्यावर धंदा बंद पडतो. बरोबर. आणि ही अडचण वाढणार आहे. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या मंचानं एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं, की सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस असेल. वहीत तारीख लिहून ठेवणाऱ्याला हे झेपणार नाही. पण हे काम यंत्रानं करायचं आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते आणि ते आपोआप नवं करून घेणारा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. एकदा नीट बसवला की साडेपाचचा तो फोन वाजत नाही. शिवाय मुदत संपायच्या तीन आठवडे आधी दोन माणसांना निरोप जाईल अशी व्यवस्था करा. दोन, कारण एकाचा फोन बंद असतो.

आणि टेस्टिंगच्या सर्व्हरचं काय? तिथं स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट वापरावं लागतं, हे मान्य. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी सरळ वाट आहे. फक्त चाचणीच्या आवृत्तीपुरतं आपलं सर्टिफिकेट विश्वासू यादीत घाला, असं एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिता येतं. लोकांना द्यायच्या आवृत्तीत ते आपोआप गळून पडतं. कोडला हात लावायचा नाही, ‘नंतर काढू’ म्हणायचं नाही. गूगलनं २०१६ पासून, सगळं खरं मानणाऱ्या ॲपना आपल्या बाजारात अडवायला सुरुवात केली. पण व्हॉट्सॲपवरून वाटलेल्या फाइलला तो नाका लागत नाही. म्हणून शेतकऱ्यांना, सभासदांना, पालकांना ॲपची फाइल ग्रुपवरून पाठवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. अशी फाइल उघडायची सवय लागलेल्या माणसाला उद्या वाहतूक दंडाच्या नावानं आलेली खोटी फाइलही उघडावीशी वाटते.

आपल्या द्राक्षबागायतदारांना हे पटवणं अवघड नाही, हा माझा अनुभव आहे. २०१० साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडले होते. त्या वर्षी इथल्या घराघरांत काय झालं ते ज्यानं पाहिलं, तो रेसिड्यू रिपोर्टशिवाय, म्हणजे अशा अवशेषांच्या तपासणी अहवालाशिवाय, कंटेनर भरायचा विचारही करत नाही. घाई आहे म्हणून या खेपेपुरता रिपोर्ट नको, असं कुणी म्हणालं तर त्याला बागेतून बाहेर काढतील. त्या संचालकांना मी एवढंच म्हणाले, की सर्टिफिकेटची तपासणी हा तुमच्या ॲपचा रेसिड्यू रिपोर्ट आहे. पुढचं त्यांनीच त्या मुलाला समजावलं.

मात्र मुलाला समजावून पुरेसं नाही. त्याला मिळालेला कामाचा करार मी पाहिला. त्यात पडदे किती, रंग कोणते, बोधचिन्ह कुठे, किती दिवसांत, हे सगळं होतं. सुरक्षेवर ‘ॲप सुरक्षित असावे’ एवढंच एक वाक्य. अशा वाक्यानं कुणी बांधलं जात नाही. त्याच्या जागी मी असं लिहायला सांगते: ‘बनावट, मुदत संपलेलं आणि दुसऱ्याच नावाचं, अशी तीन सर्टिफिकेटं पुढे केल्यावर ॲपनं संपर्क तोडलाच पाहिजे, आणि बिल देण्याआधी हे आमच्यासमोर करून दाखवलं पाहिजे.’ ही चाचणी करायला एक लॅपटॉप, एक फोन आणि अर्धा तास लागतो. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यात आहे. अर्ध्या तासाची चाचणी त्यापुढे काहीच नाही.

हे आत्ता लिहिण्याचं निमित्त सिंहस्थ आहे. २०२७ मध्ये गोदाकाठी कोट्यवधी माणसं येतील. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रास्कर यांच्या पुढाकारानं ‘कुंभथॉन’ झालं आणि इथल्या तरुणांनी गर्दी, आरोग्य, निवास यांवर भराभर उपाय शोधले. तो उत्साह मी जवळून पाहिला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. या वेळीही ॲप येतील: घाटाची वाट दाखवणारी, वाहनतळ शोधणारी, खोली मिळवून देणारी, हरवलेल्या माणसाचा फोटो पसरवणारी. ती घाईत बनतील, तारखेला बांधलेली असतील. आणि रामकुंडाच्या आसपास अनोळखी वाय-फायला जोडलेले लाखो फोन असतील. ‘तेवढ्यापुरतं’ या शब्दासाठी याहून सुपीक जमीन नाही.

म्हणून महापालिका, जिल्हा प्रशासन आणि सिंहस्थाची कामं देणाऱ्या प्रत्येक खात्याला माझं सांगणं आहे: ती तीन सर्टिफिकेटांची चाचणी प्रत्येक ॲपच्या निविदेत घाला आणि तिचा निकाल लोकांसमोर ठेवा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ती सक्तीची करावी. मुलांना ती एकदा हातानं करू द्या, मग ती आयुष्यभर विसरणार नाहीत. पतसंस्था, शाळा, दवाखाने, उत्पादक कंपन्या, ज्यांनी ज्यांनी ॲप बनवून घेतलं आहे, त्यांनी या आठवड्यात आपल्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: खोटं सर्टिफिकेट दाखवलं तर आपलं ॲप थांबतं का? ‘थांबतं’ या उत्तरावर समाधान मानू नका, समोर करून दाखवायला सांगा.

आप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी त्यांना सांगितलं, की नाशिक रोडलाच बनणाऱ्या नव्या ई-पासपोर्टमध्ये एक चिप असते, तिच्यातल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते आणि परदेशातल्या विमानतळावर ती सही तपासता येते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिथला माणूस ती तपासतो ना?”

दिंडोरीचं ते ॲप आता खोटं सर्टिफिकेट पाहिलं की थांबतं. शेवटची चाचणी मी केली नाही, त्या मुलानंच केली, संचालकांसमोर.